हंगाम सुरू झाला की घर माझ्या एकटीवर

पत्र

नमस्कार ताई,

मी चिंचवडला राहते, एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. मिस्टर टर्बाइनच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहेत, त्यामुळे आमच्याकडे वर्ष साखर कारखान्यांच्या हिशोबाने चालतं. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरची अग्निप्रदीपनं सुरू झाली की हे बॅग भरतात. मग मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आज बारामती, उद्या माळशिरस, परवा पार कर्नाटकात. जमलं तर शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटे पाचला निघतात. कुठे ब्रेकडाउन आला तर तोही रविवार जातो. पावसाळ्यात ओव्हरहॉलिंगची कामं असतात, पण ती ठरवून असतात, येणं-जाणं होतं.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. मुलगी चार वर्षांची, ज्युनिअर केजीत. सकाळी मी साडेपाचला उठते, मुलांना सव्वासहाला उठवते. संध्याकाळी सहाला पाळणाघरातून दोघांना घेऊन घरी आले की पुढचे तीन-चार तास नुसता गोंधळ असतो. स्वयंपाक, अभ्यास, भांडणं. साडेनऊला यांचा व्हिडिओ कॉल येतो. मुलगी फोन ओढते, मुलगा म्हणतो मला बोलायचंच नाही, मग रडारड, आणि झोपायला अकरा.

रविवारी हे आले की घरात सण. मॉल, पिझ्झा, मोबाईल हवा तितका. अभ्यासाचं विचारलं तर म्हणतात, "एक दिवस येतो मी, राहू दे ना." मग सोमवार-मंगळवार मुलं माझं काही ऐकत नाहीत. मीही "येऊ देत बाबांना, सांगतेच" म्हणत दिवस ढकलते.

डिसेंबरात दोघांना एकाच रात्री ताप चढला. दोघांना रिक्षात घालून एकटीने दवाखाना गाठला. सासूबाई गावी, कराडजवळ. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "आम्ही शेती करून चार पोरं वाढवली, तुला दोन जड झाली?"

मागच्या आठवड्यात मुलाने शाळेची वही लपवली. मी ओरडले. तो म्हणाला, "तू सारखी चिडतेस म्हणूनच बाबा लांब राहतात." माझा हात उठला. त्याला थोबाडीत मारली. तो रडलासुद्धा नाही, गप्प जाऊन झोपला. हंगाम संपायला अजून दोन-तीन महिने आहेत. कसं करू?

— एक आई, चिंचवड

उत्तर

नमस्कार,

पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तुमच्या मुलाचं आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

नऊ वर्षांच्या मुलाला कारण लागतं. आपण उठतो तेव्हा बाबा गेलेले असतात आणि पुढचे पाच-सहा दिवस दिसत नाहीत, याचं कारण कुणी नीट सांगितलं नाही तर तो स्वतःच शोधतो, आणि डोळ्यांसमोर जे असतं त्यातूनच शोधतो. त्याच्या डोळ्यांसमोर दमलेली, ओरडणारी आई आहे. त्याने तुमच्यावर आरोप केला असं तुम्हाला वाटलं. मला ते वाक्य वाचून वाटलं, की हा पोरगा बरेच दिवस हे कोडं एकटाच सोडवत बसला होता. आणि अशी मुलं आईला दोष देण्याआधी बहुतेक वेळा स्वतःला देऊन झालेली असतात.

तेव्हा आजच रात्री, धाकटी झोपल्यावर त्याच्या शेजारी बसा आणि सांगा, "मी तुला मारलं ते चुकलं माझं. बाबा लांब असतात ते कामामुळे. माझ्यामुळे नाही आणि तुझ्यामुळेही नाही." बस. "पण तूही असं बोलायला नको होतंस" हे शेपूट लावू नका, नाहीतर दिलेली माफी परत घेतल्यासारखं होतं. वहीचा विषयही त्या रात्री काढू नका, तो दोन दिवसांनी काढता येईल. त्याने काही उत्तर दिलं नाही तरी चालेल. या वयाची मुलं उत्तर देत नाहीत, उशीत तोंड खुपसतात. कानांवर गेलेलं असतं.

आता त्याला खरं कारण द्यायचं. "बाबा कामाला गेलेत" हे कारण त्याला पुरत नाही, कारण इतरांचे बाबाही कामाला जातात आणि संध्याकाळी घरी येतात. त्याला कारखाना कळला पाहिजे. ऊस एकदा तोडला की थांबत नाही, जितका वेळ पडून राहील तितकी साखर कमी होते. म्हणून गव्हाणीत, म्हणजे ऊस आत टाकतात त्या जागी, पहिली मोळी पडली की कारखाना दिवसरात्र चालतो, आणि टर्बाइन बंद पडलं तर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. ही गोष्ट चौथीतल्या मुलाला सहज कळते, आवडतेही. कॅलेंडरवर त्याच्याच हाताने हंगामाची सुरुवात लिहून घ्या, पट्टा पडण्याचा अंदाजे महिना लिहून घ्या, म्हणजे या सगळ्याला शेवट आहे हे त्याला दिसेल. यजमानांना म्हणावं, रोज त्याला कारखान्याचं त्या दिवसाचं गाळप सांगा. ५,००० टन ऊस गाळला, तर त्यातला साधारण ३० टक्के चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जळायला जाते. मग किती टन झाली? १,५००. तीच जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर वीज. तुमच्या मुलाच्या गणिताच्या वहीत हे जाऊ द्या. वही लपवणारा मुलगा ही वही लपवणार नाही, असं मला वाटतं. आणि जमलं, तिथल्या लोकांनी परवानगी दिली, तर एखाद्या शनिवारी त्याला तिकडे घेऊन जायला सांगा. मळीचा वास नाकात गेला आणि बाबांच्या डोक्यावरचं हेल्मेट दिसलं की निम्मं काम झालं.

"येऊ देत बाबांना, सांगतेच" हे मात्र आजपासून बंद. मला माहीत आहे, ते तोंडात बसलेलं असतं, आपल्या आयांनीही तेच केलं. पण बघा काय होतं ते. एक तर तुम्ही स्वतःच मुलांना सांगता की माझा शब्द शेवटचा नाही. दुसरं, बाबा येण्याची वाट बघायची की त्याची भीती बाळगायची, हे मुलांना कळेनासं होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. बाबा येतात आणि काहीच करत नाहीत, उलट पिझ्झा आणतात! म्हणजे तुमची धमकी फुसकी ठरते आणि सोमवारी मुलं तुमच्या डोक्यावर बसतात. मंगळवारचं मंगळवारीच मिटवा, मग ते मोडक्यातोडक्या पद्धतीने का होईना.

आता थोडं झोपेचं. तुमचा मुलगा अकराला झोपून सव्वासहाला उठतो, म्हणजे सव्वासात तास. नऊ वर्षांच्या मुलाला किमान नऊ तास लागतात, बारापर्यंतही लागू शकतात. चार वर्षांच्या मुलीला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास. तुम्ही ज्याला "काही ऐकत नाहीत" म्हणता त्यातला मोठा भाग अपुऱ्या झोपेचा आहे. न झोपलेलं मूल पेंगत नाही, ते उधळतं. म्हणून संध्याकाळच्या गोंधळावरचा माझा पहिला उपाय शिस्तीचा नाही, घड्याळाचा आहे. धाकटी साडेआठला अंथरुणात, थोरला सव्वानऊला. यासाठी बाकीचं सगळं मागे सरकवावं लागेल, आणि काही गोष्टी कराव्याच लागणार नाहीत.

म्हणजे, पोळ्या विकत आणा. हो, विकत. चिंचवडमध्ये पोळी-भाजी केंद्रं पावलोपावली आहेत आणि पाळणाघराच्या वाटेवर एखादं नक्की असेल. आठवड्यातले दोन दिवस खिचडी, एक दिवस भाजणीचं थालीपीठ, कढी आदल्या दिवशीची. कुणी नाव ठेवलं तर ठेवू द्या. सहाला घरी आल्यावर थेट ओट्याकडे जाऊ नका. मुलांना केळं, लाडू, चुरमुरे, जे हाताला लागेल ते द्या आणि वीस मिनिटं जमिनीवर त्यांच्यात बसा. फोन पर्समध्येच राहू दे. दिवसभर पाळणाघरात शहाणी होऊन बसलेली मुलं घरी आल्यावर आईवर सगळं ओततात, ती वीस मिनिटं त्या ओतण्यासाठी ठेवायची. मिळाली नाहीत तर ती तुमच्या स्वयंपाकात भांडून वसूल करतात. सव्वासातला जेवण. धाकटी झोपल्यानंतरची अर्धीपाऊण तास थोरल्याची, एकट्याची. त्यात पंधरा-वीस मिनिटं अभ्यास, उरलेल्यात गप्पा, पत्ते, काहीही. त्याला बहिणीशिवाय आई मिळण्याची दिवसातली ही एकच वेळ आहे, ती अभ्यासाच्या कटकटीत पूर्ण घालवू नका. अभ्यास राहिला तर शाळेत चिठ्ठी द्या. चौथीत काही बिघडत नाही.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण नातेवाईक ती हमखास बोलतात. "बाबा नाहीत, आता तूच घरातला कर्ता!" कौतुकाने म्हणतात, पण नऊ वर्षांच्या खांद्यावर ते खरंच बसतं. त्याला कामं जरूर द्या. पाण्याच्या बाटल्या भरणं, बहिणीचे मोजे शोधणं. कर्तेपण देऊ नका. आणि रात्री सगळे झोपल्यावर दमून त्याच्यापाशी बाबांच्या तक्रारी करण्याचा मोह होतो, तोही आवरा. त्यासाठी बहीण, मैत्रीण, ऑफिसातलं कुणीतरी मोठं माणूस हवं.

साडेनऊचा व्हिडिओ कॉल रद्द करा. चार वर्षांच्या मुलीला त्या वेळी स्क्रीनवर बाबा दाखवणं म्हणजे झोपेला आलेल्या लेकराला जत्रेत नेण्यासारखं आहे. बाबा दिसतात, हात लावता येत नाही, आणि दोन मिनिटांत "बाय" म्हणतात. ती फोन ओढणारच. कॉल पावणेआठला, जेवणानंतर, दहा मिनिटं. साइटवर ती वेळ जमली नाही तर त्या दिवशी व्हॉइस नोट. लहान मुलांना "काय करतेस? जेवलीस का?" या प्रश्नांत काहीही रस नसतो, त्यामुळे बाबांनी प्रश्न विचारण्यापेक्षा काहीतरी करून दाखवावं. एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती आणा, एक यांच्या बॅगेत, एक घरी. बाबा वाचतील, ती इकडे पानं उलटेल. किंवा त्यांनी रविवारी बसून तीन-चार गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून ठेवाव्यात आणि झोपताना तुम्ही फक्त आवाज लावावा, स्क्रीन उलटी घालून. थोरल्याला व्हिडिओ नको असेल तर नको. त्याला आठवड्यातून दोनदा वेगळा, साधा फोन. गाळपाचे आकडे त्या फोनवर. आणि यजमानांनी एक वाक्य कायमचं सोडायचं: "आईला त्रास देत नाहीस ना?" त्याचं खरं उत्तर त्या पोराला देता येत नाही, आणि खोटं द्यायचं नसतं, म्हणून तो "मला बोलायचंच नाही" म्हणतो.

आता रविवार. माझ्या मते तुमच्या घरातली खरी अडचण सोमवार ते शनिवारमध्ये नाही, रविवारात आहे. ते नसताना घर एका पद्धतीने चालतं, ते आले की दुसऱ्या. मुलं दर आठवड्याला दोन घरांत राहतात आणि तुम्ही दर सोमवारी पहिल्या घराची पुन्हा नव्याने उभारणी करता. यजमान पाहुण्यासारखे येतात हे खरं, पण तुम्हीही त्यांचा पाहुणचार करता. चिकन करता, कपडे धुऊन इस्त्री करून बॅग भरून देता, "दमून आलेत" म्हणून मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवता. हे पत्रात लिहिलेलं नाही. पण नसेल तर मला कळवा, मी शब्द मागे घेईन.

पुढचा मजकूर त्यांनाच वाचायला द्या.

दादा, शनिवारी रात्री अकराला आलात तर मुलांना उठवू नका. सकाळी तुम्ही त्यांना उठवा. भेटवस्तू, पिझ्झा, मॉल हे सगळं महिन्यातून एकदा ठीक आहे, दर रविवारी नको. मुलांना तुमच्याबरोबर मजेपेक्षा सवय हवी आहे. त्यामुळे रविवारी सकाळी आठ ते बारा घर तुमचं. मुलीची आंघोळ आणि केस, मुलाचा राहिलेला अभ्यास, सोमवारचे युनिफॉर्म, पाळणाघराची फी. बायको त्या वेळात घराबाहेर असेल, आणि तिला "हे कुठे ठेवलंय" विचारायला फोन करायचा नाही. सापडेल. मोबाईलचा नियम ती ठेवते तोच तुम्हीही ठेवायचा. तुम्ही आल्यावर थोरला पहिला तासभर तुमच्याकडे बघणारही नाही, स्वतःच्या खेळण्यात डोकं घालून बसेल. वाईट वाटून घेऊ नका आणि त्याला लाचही देऊ नका. लांबून परत आलेल्या माणसाशी मुलं बरेचदा असंच वागतात. तिथेच जमिनीवर बसा, पेपर वाचा. येईल. आणि सोमवारी पहाटे मुलं झोपेत असताना गुपचूप निघायचं असेल, तर रविवारी रात्री स्पष्ट सांगून ठेवा: "तू उठशील तेव्हा मी नसेन. शनिवारी येईन." मुलगी रडेल. रडू दे, त्याने तिचं काही बिघडत नाही. न सांगता गेल्याने बिघडतं, कारण मग ती आठवडाभर, आई दुसऱ्या खोलीत गेली तरी मागे धावते.

आणि येणं नक्की नसेल तर "येईन" म्हणू नका. "ब्रेकडाउन आला नाही तर येईन" हे नऊ वर्षांच्या मुलाला समजतं.

परत तुमच्याकडे येते. रविवारी रात्री तुमचं दोघांचं भांडण होतं का? पत्रात नाही, पण तुमच्यासारख्या घरांत बहुधा होतं, निघायच्या आधीच, आणि बहुधा टॉवेलसारख्या कारणावरून. अमेरिकी नौदलातल्या कुटुंबांबद्दल कॅथलीन लोगन यांनी १९८७ साली एक लेख लिहिला होता. नवरा जहाजावर जायच्या आधीपासून तो परत येऊन स्थिरावेपर्यंत बायको कोणकोणत्या टप्प्यांतून जाते ते त्यांनी मांडलं. निघण्याआधीची चिडचिड हा त्यातला अगदी पहिला टप्पा, आणि परत आल्यावर "माझ्या घरात आता तुझी लुडबुड" असं वाटणं हा पुढचा एक. तिथे सहा-सहा महिन्यांत जे होतं ते तुमच्याकडे दर आठवड्याला होतं. तेव्हा रविवारी रात्री नऊनंतर कोणताही मोठा विषय काढायचा नाही, इतकं ठरवलंत तरी खूप.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. साताऱ्या-कराडकडे आणि कोकणात कित्येक घरांत पुरुष मुंबईच्या गिरणीत नाहीतर फौजेत असायचा, महिन्याला मनीऑर्डर यायची, आणि माणूस दिसायचा तो गणपतीला, शिमग्याला किंवा जत्रेला. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव तर नावापुढे मिलिटरी लावतं. बायकांनीच पोरं वाढवली. पण त्यांना अंगण होतं, जावा होत्या, चुलत्या होत्या, पोर दिवसभर कुणाच्या तरी नजरेखाली असायचं, आणि त्याचा गृहपाठ कुणी विचारत नव्हतं. तुम्ही दार लावलेल्या फ्लॅटमध्ये, नोकरी करून तेच काम एकट्याने करता. हे त्यांना पटवून देण्यात शक्ती घालवू नका. त्यापेक्षा मदत मागा, आणि मोघम मागू नका. "तुम्ही या ना कधीतरी" म्हटलं की शेतीची अडचण निघते. "फेब्रुवारीत माझं ऑफिसातलं वर्षअखेरीचं काम वाढतं, तेव्हा १५ दिवस या, तिकीट काढते" म्हटलं की माणूस तारखा बघायला लागतो. शिवाय चार पोरं वाढवलेल्या बाईला त्याचा अनुभव विचारलेला आवडतो. "तेव्हा ताप आला की काय करायचात?" असं एकदा विचारून बघा, टोमणे निम्मे होतील.

तापावरून आठवलं. डिसेंबरसारखी रात्र पुन्हा येईल, तिची तयारी दिवसा करून ठेवा. मुलांच्या डॉक्टरांकडून दोघांची वजनं करून पॅरासिटामॉल किती मिली द्यायचं आणि किती तासांनी, हे त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. बाटली बघून घ्या. ५ मिलीमध्ये साधारण १२० मिलीग्रॅम आणि २५० मिलीग्रॅम अशी दोन्ही सिरप बाजारात मिळतात, आणि रात्री दोनला चमच्यात ओतताना ही चूक सहज होते. मजल्यावरच्या एका घरी किल्ली आणि "रात्री फोन केला तर एकीला सांभाळाल का" हा प्रश्न आजच विचारून ठेवा. लोक नाही म्हणत नाहीत, फक्त आपणहून विचारत नाहीत. १०८ ही रुग्णवाहिका, ११२ बाकी सगळ्यासाठी, हे थोरल्यालाही पाठ हवं.

आणि मोबाईल नंबर! हे मी प्रत्येक फिरतीवाल्याच्या घरी सांगते. गॅस सिलिंडरची नोंदणी यांच्या नंबरवर असेल तर डिलिव्हरीचा कोड यांच्या फोनवर येणार, आणि हे टर्बाइनपाशी, कानावर मफ लावून. सिलिंडरवाला दारातून परत. शाळेचे मेसेज, व्हॅनवाल्याचा ग्रुप, वीजबिल, सोसायटीचं ॲप, सगळ्या ठिकाणी तुमचा नंबर लावून घ्या. यातलं बरंचसं त्यांना एका रविवारी बसून करता येईल. कामही होईल आणि आपण घरातल्या किती गोष्टी कधीच बघत नाही हेही त्यांना कळेल.

तुम्ही राज्य शासनाच्या सेवेत असाल, तर बालसंगोपन रजा घेतली आहे का? पत्रात त्याबद्दल काहीच नाही. महिला कर्मचाऱ्यांसाठी २०१८ पासून संपूर्ण सेवेत १८० दिवसांची ही रजा आहे, पहिल्या दोन मुलांसाठी, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, वर्षाला दोन महिन्यांपर्यंत. केंद्राच्या सेवेत असाल तर ७३० दिवस आहे. साहेब कुरकुरतात म्हणून बायका ती मागतच नाहीत, आणि मग मूल अठराचं होतं. सगळी एकदम घेऊ नका. हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात आठ-दहा दिवस घ्या, आणि त्यातले पहिले दोन दिवस मुलं शाळेत असताना फक्त झोपा. घर आवरायला काढलेली रजा फुकट जाते.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. मुलगा रोज शाळेच्या वेळी पोट दुखतं म्हणायला लागला, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला, किंवा असा गप्पपणा दोन-तीन आठवडे टिकला, तर शाळेतल्या समुपदेशकांना किंवा मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तुम्ही स्वतः. सकाळी उठवतच नसेल, कारण नसताना रडू येत असेल, मुलांवर हात उचलण्याची भीती वाटत असेल, तर १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्यासाठी फार वाईट अवस्था येईपर्यंत थांबायची गरज नाही.

राहता राहिला मोठा प्रश्न, की हे असं किती वर्षं. तो हंगामात सोडवायचा नाही. दोघंही दमलेले असता आणि वेळ रविवारी रात्रीचाच मिळतो. एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, मुलं आजोळी गेली की एक पूर्ण दुपार त्यासाठी काढा. नोकरी सोडा किंवा बदली घ्या अशा टोकापासून सुरुवात करू नका, नाहीतर ते कान बंद करतील. पुढच्या हंगामासाठी कंपनीकडे काय मागता येईल ते आधी त्यांना लिहून काढायला सांगा. एकाआड एक रविवार पक्का सुटीचा, महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री निघता येणं, मुलांच्या परीक्षेच्या आठवड्यात पुण्याजवळचे कारखाने, लांबचं कर्नाटक एखाद्या बिनलग्नाच्या सहकाऱ्याकडे. यातल्या दोन गोष्टी जरी मिळाल्या तरी फरक पडेल. मागायला उशीर करू नका. दसऱ्याला बॉयलर पेटतात, पण कोण कुठल्या साइटवर जाणार हे बहुतेक कंपन्यांत पावसाळ्यातच ठरून गेलेलं असतं.